माश्यांचा शोकप्रस्ताव

प्रयोगशाळेत सगळे तिला माशीवाली म्हणत. बावीस वर्षं ती फळमाश्यांसाठी मक्याच्या पिठाची पेज शिजवून काचेच्या नळ्यांत ओतत होती. "लोक माश्या मारण्याचा पगार घेतात, मी पोसण्याचा घेते," असं ती शेजारणींना सांगायची.

कपाटाच्या खालच्या खणावर तिचा विशेष जीव. तिथल्या माश्यांच्या एका जनुकात बारीकशी खोट होती. त्या जनुकावरून घडणारं प्रथिन म्हणजे शेकडो मण्यांची माळ, आणि तिच्यातला एकच मणी बदललेला. थंडाव्यात ते प्रथिन निमूट काम करी. उकाडा झाला की त्याचा आकार ढळे, नसांचे निरोप स्नायूंपर्यंत पोचत नसत, आणि माशी जागच्या जागी आडवी होई. हा वाण दुसरीकडे कुठेच नव्हता. तो गेला की माशीवालीची नोकरीही गेली.

त्या सकाळी ती पीठ आणायला गेली आणि नेमकं गारव्याचं यंत्र बंद पडलं. नवे साहेब हुशार, पण माशी त्यांनी संगणकावरच पाहिलेली. नळ्यांच्या तळाशी पडलेला खच बघून त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून दोन मिनिटं शांतता पाळली. कारकुनाने शोकप्रस्ताव लिहिला. त्यात 'अपरिमित हानी' दोनदा आली. मग नळ्या उकळायला धाडल्या.

माशीवाली परतली तेव्हा शिपाई वाफेच्या भांड्याचं झाकण लावत होता.

"अहो, थांबा. मेल्या नाहीत त्या, पडल्यात नुसत्या."

"बाई, ठराव मंजूर झालाय," साहेब हळुवारपणे म्हणाले.

"मग रद्द करा. आमचे हे रोज दुपारी असेच पडतात. म्हणून मी काय रडत बसते?"

तिने नळ्या गार पाण्याच्या बादलीत उभ्या केल्या. साहेबांसकट सगळे बादलीभोवती उकिडवे बसले. पाच मिनिटांनी एक पाय हलला. मग दुसरा. मग एकेक माशी काचेवर चढू लागली.

"प्रस्तावाचं काय करू?" कारकुनाने विचारलं.

"राहू दे. तारीख तेवढी खोड," साहेब म्हणाले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा अजून फरशीवर पसरलेला होता. रोज ती त्याला पायाने ढोसून उठवायची. आज खाली बसून तिने आधी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"काय गं?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. पडा."