मातीचं काय करणार

ताईंनी ती भांडी माझ्या हातात दिली नाहीत. मोरीजवळ फरशीवर ठेवली आणि मागं सरल्या.

"ही घेऊन जा. आम्हाला आता नकोत. तुमच्यात चालतील."

मी वाकले. तीन भांडी. जाड, जड, भाजक्या मातीची. आतून पांढरी, बाहेरून तपकिरी चकाकी. ओव्हनमध्ये ठेवून केक भाजायची. ताईंनी हैदराबादहून हौसेनं आणलेली. कुठं टवका नाही, चीर नाही. मीच धुवायचे, म्हणून मला ठाऊक.

तुमच्यात चालतील. हे शब्द कानावर पडले. पडले आणि गेले. असलं ऐकून सोडून द्यायची सवय लागलेली असते.

लातुरातल्या त्या बंगल्यात मी धुणं-भांडी, झाडू-फरशी करत होते. ताईंच्या यजमानांचे, सरांचे क्लासेस. निलंग्याची, उमरीची, हदगावची, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहतात. आमच्या गल्लीत ज्याच्याकडं दोन खोल्या, त्यानं एक पोरांना दिलेली. सरांचा दुमजली बंगला त्याच पोरांवर उभा राहिला. माझी करुणाही सरांच्याच क्लासला. मी त्यांच्याकडं कामाला म्हणून सरांनी तिची फी माफ केली होती. ते खरं आहे. पण घरी कुणीही पाहुणा आला की ताई सांगायच्या, "हिच्या मुलीला आम्हीच शिकवतो." मी तिथंच फरशी पुसत असायचे. पुसत राहायचे.

रविवारी ताई केक करायच्या. मैदा चाळणं, अंडी फोडणं, लोणी फेटणं माझ्याकडं. पुढं ओव्हनमध्ये सगळं भाजून निघतं, म्हणून माझा हात चालत असेल. केक बाहेर आला की मात्र, "राहू दे आता, मी बघते." फेटता फेटता मी शिकले. घरी कुकरमध्ये मीठ पसरून, अॅल्युमिनियमच्या डब्यात करून बघितला. जमला. आमच्या गल्लीत पोरांचे वाढदिवस असतात. आईबाप लांब, केक तर पाहिजे. पोरं माझ्याकडून न्यायला लागली. पण डबा पातळ. खालून करपायचा.

म्हणून ती भांडी बघून मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि पोटाशी धरून घरी आणली. आमचे मालक, करुणाचे वडील, रिक्षा चालवतात. ते म्हणाले, "फुकटात असली चीज कोण देतंय? नसीब काढलंस."

संध्याकाळी करुणा क्लासहून आली. भांडी बघून दारातच थांबली. पाठीवरची बॅगही काढली नाही.

"हे कुणी दिलं?"

"ताईंनी."

"परत नेऊन दे."

"का गं?"

तिनं बॅग खाली टाकली. मग बोलली.

त्या आठवड्यात ऋचाचा वाढदिवस झाला होता. ऋचा म्हणजे ताईंची लेक, करुणाच्याच वर्गात. दोघी एका बाकावर बसायच्या. केमिस्ट्री करुणाची चांगली, म्हणून ऋचा तिला घरी बोलवायची. वाढदिवसाचे पाहुणे गेल्यावर दोघी मागच्या पायरीवर बसल्या. लांबट भांड्यात केक उरला होता. ऋचानं दोन चमचे आणले. दोघींनी त्याच भांड्यातून खाल्लं, कडा खरवडून खाल्ल्या. ताईंनी खिडकीतून बघितलं. करुणा घरी जाईपर्यंत थांबल्या.

नंतर लेकीवर ओरडल्या. ऋचानं ते रडत रडत करुणाला वर्गात सांगितलं. ताईंचे शब्द होते, "स्टीलचं असतं तर घासून उजळून घेतलं असतं. मातीचं काय करणार? आता ते भांडं घरात नको."

एकच भांडं का द्यायचं, म्हणून तिन्ही दिली. देणं दिसावं म्हणून.

मी भांड्यांकडं बघत राहिले. राग आला म्हणावं तर तसाही नाही. नुसतं थकल्यासारखं झालं. पाठीचा कणा कुणी काढून घेतल्यासारखं.

मालक म्हणाले, "भांड्याचा काय गुन्हा? वापर. आपलीच पोर जेवली त्यात."

त्यांचंही खरं होतं. करुणा म्हणाली, "त्यातलं मी खाणार न्हाई, आई. तू गल्लीतल्या पोरांना घाल खुशाल." आणि पुस्तक उघडून भिंतीकडं तोंड करून बसली.

सकाळी नळाला पाणी यायचा दिवस होता. घागरी लावून बसले आणि मला माझी आई आठवली. भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. आमचं गाव निलंग्याच्या अंगाला. सगळ्यांचीच घरं पडली. मांगवाड्याची पडली, पाटलांची पडली. मला वाटलं होतं, आता सगळे एकसारखे. पत्र्याच्या शेडी बांधल्या, तर त्यातही आमची रांग वेगळी. गावातल्या मोठ्या माणसांनीच सांगून वेगळी करून घेतली. ट्रकमधून जुने कपडे यायचे. आधी ते निवडायचे. उरलेलं आमच्याकडं लांबून फेकायचे. माझ्या अंगावर एक स्वेटर येऊन पडला. बाही उसवलेली. मी उचलेना. आई म्हणाली, "घे. तोंडाकडं बघू नको. घे आन् मान खाली घाल."

थंडी होती. मी घेतला. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या अंगावर तेव्हा ढिगाऱ्यातली माती होती आणि पदराखाली आम्ही तिघं भावंडं.

पण आता थंडी नव्हती. माझ्या हाताला काम होतं. माझी पोर भिंतीकडं तोंड करून बसली होती. मग मी मान खाली कशासाठी घालून राहिलेय? नळ चालू, घागर भरून वाहायला लागली. लातुरात कुणी पाणी वाया घालवत नाही. मी घालवलं त्या दिवशी.

लुगड्यात भांडी बांधली आणि निघाले. रोज मागच्या दारानं जायचे. त्या दिवशी पुढचं दार वाजवलं. सर सोफ्यावर पेपर वाचत होते. ताईंनी दार उघडलं.

"अगं, मागून ये ना."

"कामाला न्हाई आले, ताई. भांडी परत द्यायला आले."

"का? आवडली नाहीत?"

"लई आवडली. म्हणून तर नेली. पण तुम्ही का दिली, ते सांगा."

"जुनी झाली म्हणून. त्यात काय?"

"जुनी न्हाईत. मीच धुते न्हवं का? करुणानं खाल्लं म्हणून दिली का?"

ताईंनी सरांकडं बघितलं. सरांनी पेपर खाली केला नाही.

"तसं काही नाही गं. हायजीन असतं ना."

"मग ऋचानं पण त्यातच खाल्लं. तिला कुणाला देऊन टाकणार?"

ताईंनी पुन्हा सरांकडं बघितलं. आता मात्र पेपरमागून सरांचा आवाज आला.

"मुलीची फी माफ आहे, हे विसरू नका."

"न्हाई विसरत, सर. तुम्ही विसरू देता कुठं?"

आत गेले. जेवायच्या टेबलावर तिन्ही भांडी ठेवली. त्या टेबलाला इतकी वर्षं मी फक्त फडकं लावलं होतं. परत आले, चप्पल घातली. बाहेर रस्त्यावर आले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. चौकात एका दुकानाच्या ओट्यावर बसून राहिले.

फळ मिळालं. लगेच मिळालं. माझं तिथलं काम गेलं. करुणाला क्लासमधून काढलं नाही, सर हुशार आहेत. तिची तुकडी बदलली. मागच्या खोलीत, जिथं सर स्वतः शिकवत नाहीत तिथं. ऋचा आता तिला जिन्यात भेटली तरी खाली बघून जाते. करुणाला त्याचं लागलं. बोलत नाही, पण लागलं. मालक चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. केक अजून त्या पातळ डब्यातच होतो आणि अजून खालून करपतो. करपलेलं सुरीनं खरवडून काढते.

आता कामाला नवं घर धरताना पगाराचं मी नंतर बोलते. आधी स्वयंपाकघरात उभी राहते आणि विचारते, "मला चहा कशात देणार?" एक बाई हसली आणि विषय बदलला. दुसरीनं खिडकीतला कान तुटलेला कप दाखवला. मी म्हणाले, "हा वेगळा का?" ती म्हणाली, "तसं काही नाही." मी म्हणाले, "मग तुमच्यातला द्या." दोन्ही घरं गेली.

गुडघे दुखतात. उन्हात घरं हिंडून जीव बेजार होतो. तरी मी विचारणार. करुणालाही सांगितलंय, जिथं जाशील तिथं विचारत जा. हे लोक पोटात ठेवतात आणि वरून दान दिल्यासारखं करतात. ते त्यांना त्यांच्या तोंडानं म्हणू दे. आपल्या तोंडासमोर म्हणू दे. मग काय द्यायचं, काय घ्यायचं, ते आपण ठरवू.