सात-तीन-पाच

जगातल्या सगळ्या खाण्यापिण्याचे दोनच भाग पडतात, तपासलेलं आणि संशयित, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे डिचोलीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेचे सर. नववीत शाळा सोडून मी नांदेडकडून इतक्या लांब आलो, तेव्हा त्यांनी मला काचेची भांडी धुवायला ठेवलं. उद्या काढून टाकतील ही धास्ती मला रोज असायची. सरांना धास्ती फक्त पदार्थांची.

त्यांच्या खिशात पेनाच्या जागी गोडी मोजायची नळी. बाजारात कलिंगडाच्या रसाचा थेंब तिच्या काचेवर टाकायचा, एक डोळा मिटून उजेडाकडे बघायचं आणि आकडा मनासारखा आला तरच पाकीट काढायचं. "सर, चंद्र दिसता काय?" विकणारी बाई विचारायची. "गोडी कमी दिसता," म्हणून हे पुढच्या फळाकडे. पेडण्याला एका लग्नात त्यांनी सोलकढीत आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी बुडवली, तर नवरीचा मामा घाबरून शेजाऱ्याला म्हणाला, "व्याह्यांची साखर तपासतत की काय?" घरी आलेला पाहुणा एक चहा मागतो आणि त्याच्यापुढे तीन पेले येतात. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगितल्याशिवाय बिस्कीट नाही. चव पारखायची ही प्रयोगशाळेतली खरीखुरी रीत, पण पाहुणे बिचारे घामाघूम. पहिल्याच दिवशी मी चुकीचा पेला दाखवला आणि मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. सर मात्र खूश. "बरां झालां. सगळेच बरोबर सांगूक लागले की माका संशय येता."

नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये, म्हणून बाटलीवरचं नाव काढून आकडा चिकटवायचं काम माझं. एकदा सरबतांच्या बाटल्या आल्या, त्यातली एक काकींची. काकी म्हणजे सरांची बायको, सरांच्या डब्याबरोबर न सांगता माझाही डबा पाठवणारी. त्यांच्या महिला गटाचं कोकम सरबत मोपाच्या विमानतळावरचा एक दुकानदार घेणार होता, पण आधी तपासणीचा दाखला हवा होता. बाटली त्याच्यामार्फत आली, सरांना घरीही याचा पत्ता नव्हता. मी तिच्यावर सात-तीन-पाच चिकटवलं आणि गप्प राहिलो.

सरांनी प्रत्येक सरबताचा थेंब जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत पसरला आणि बश्या कपाटात ठेवल्या. काही दिवसांनी बघितलं तर सात-तीन-पाचमध्ये कापसासारखे पांढरे ठिपके. "बुरशी," सर म्हणाले. "गोडी बरी, रंग बरो, पण बाटल्यो नीट उकळूंक नाय. कोण ही गबाळी?" त्यांनी नापासाच्या कागदावर सही केली, मग मी नाव सांगितलं. सर खुर्चीत बसले. सही मात्र खोडली नाही.

गबाळी हा शब्द काकींपर्यंत कोणी पोचवला? सरांनी स्वतःच. घरी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, कारण खोटं सांगायची त्यांना सवय नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा एकच येऊ लागला, माझा. मी अर्धा पुढे केला तर म्हणाले, "नको. तो तुका धाडला." समोरच्या दुकानातून उंडा, म्हणजे इथला पाव, आणून चहात बुडवून खायचे. तोही न तपासता. हे बघून मला फार काळजी वाटायची.

एका संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून घरी एक तापमापक पाठवला, सोबत निरोप: बाटल्या भरायच्या आधी चांगल्या उकळ. काकींनी तापमापक ठेवून घेतला. "निरोप परत ने," म्हणाल्या.

तरी नवी बाटली तयार झाली. सरांनी तिला हात लावला नाही. "ही माझ्याकडे नको. मी पास केलंय तर माझोच माझ्यार विश्वास बसूचो नाय. वास्कोच्या लॅबेत घेवन जा." बाटली मांडीवर धरून मी बसने वास्कोपर्यंत गेलो, प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत.

निकाल आला तेव्हा सरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. बशी स्वच्छ होती. "तू सांग तिका," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी फोन लावला. बाटली पास झाली, काकी, मोपाचं काम झालं, असं एका दमात सांगितलं. काकींनी अगदी हळू विचारलं,

"ते जेवले काय रे?"

"नाही, काकी," मी म्हणालो. खिडकीशी सर हलले नाहीत. मला मात्र उगाच माझी आई आठवली. तीही फोनवर पगाराचं काही विचारायच्या आधी हेच विचारते.