सड्यावरची अंजनी

मामा वणव्यात गेल्यावर आत्यानं उन्हाळाभर एकच काम धरलं. कोयता घ्यायचा, डोंगर चढायचा आणि सड्यावरचं एक झुडूप बुडापासून तोडून यायचं. आठ-पंधरा दिवसांत त्याला पुन्हा कोंब फुटायचे. ती पुन्हा जायची.

आत्याचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं. गावामागच्या डोंगरावर जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे, त्याला सगळे सडा म्हणतात. फाल्गुनात कुणीतरी तिथलं वाळलं गवत पेटवलं. पुढच्या पावसात चारा चांगला येतो म्हणून पेटवतात, नवीन काही नाही. म्हैस वर चरायला गेली होती, म्हणून आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, तिला आणायला गेले. वारा फिरला. म्हैस दुसऱ्या वाटेनं आपली आपण घरी आली, शेपटीचे केस तेवढे जळलेले. मामा आले नाहीत.

गावानं हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवली. मामा सापडले ते त्याच झुडपात, अंजनीच्या जाळीत, बुडाशी अंग मुडपून बसलेले.

"सगळा सडा पिवळा," आत्या मला म्हणाली होती, "तेवढंच हिरवं. हिरवं बघून आत शिरलं ते. हिरव्याला आग लागत न्हाय असं वाटलं असंल."

मी कोल्हापुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. अंजनीचं पान मी वर्गात किती वेळा हातात धरून दाखवलं असेल. जाड, चामड्यासारखं, मेण चोळल्यागत चकाकणारं. पाणी उडून जाऊ देत नाही, म्हणून कडक उन्हाळ्यातही गळत नाही. पण ते हिरवेपण ओलाव्याचं नव्हे. आग पुरेशी तापली की तेही तडतडत पेटतं. हे सगळं मला माहीत होतं. पण घाबरलेला माणूस त्या हिरव्याकडं धावेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

त्याच वर्षी वैशाखात मी आत्याकडं गेले. ती अंगणात कोयत्याला धार लावत होती.

"आत्या, तोडून ते मरायचं नाही गं," मी म्हणाले.

"मग कशानं मरंल?"

"मुळासकट काढलं तर."

तिनं कोयता ठेवला आणि पडवीतली कुदळ घेतली. "चल," म्हणाली. मी उगीच बोलून गेले असं वाटलं, पण तिला एकटीला कशी सोडणार?

दुपार चढली होती. सड्यावर आगीच्या खुणा अजून होत्या, दगडांवर काळे डाग होते. महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नव्हता, आणि तरी त्या तोडलेल्या बुंध्याभोवती तांबूस, कोवळ्या पालवीचे कोंब हातभर वर आले होते. आसपासच्या जळक्या जाळ्याही तशाच फुटल्या होत्या. आत्या फक्त त्या एकीकडं बघत होती.

"पाणी न्हाय, पाऊस न्हाय," ती म्हणाली. "कुणाच्या जिवावर वाढतंय हे?"

तिच्या मनात काय होतं ते कळलं होतं. माझ्याही मनात ते क्षणभर आलं, आणि आपण शिकलेलं सगळं आठवूनही ते हटेना.

आम्ही आळीपाळीनं खणलं. माती वीतभरच, खाली दगड. तेवढ्यात पलीकडच्या जळक्या जाळीमागून कुणीतरी खोकलं. मामांना तंबाखूचा खोकला होता, दोनदा खोकून घसा खाकरायची सवय होती. हे तसंच होतं. मी मान वळवली. उघडा सडा, वर थरथरणारं ऊन, माणूस कुणी नाही. वाऱ्यानं जळक्या फांद्या एकमेकांवर घासल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. वारा मात्र नव्हता.

आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती. "ऐकलंस न्हवं?" तिनं हळू विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. मी गावाकडचं बोलणं कधीच सोडलं होतं, पण तोंडातून तेच आलं.

"मला वाटलं, मलाच येतंय ऐकू." ती एवढंच बोलली आणि पुन्हा खणायला लागली.

शेवटी मूळ उघडं पडलं. मडक्याएवढी लाकडाची गाठ, बाहेरून कोळसा झालेली, दगडाच्या भेगेत घट्ट रुतलेली. तिच्या अंगावर बारीक लालसर डोळे होते, पुढचे कोंब. कुदळीचा घाव बसला तिथं आतलं लाकूड ओलं आणि फिकट दिसत होतं. आत्यानं त्यावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

"आत जिवंत हाय हे," ती म्हणाली.

"हो. आग वरच्यावर जाते, आत्या. खाली हे राहतं."

ती तिथंच उकिडवी बसली. मग दोन्ही हातांनी माती खड्ड्यात लोटू लागली. मी कुदळ पुढं केली, तिनं नको म्हटलं. सगळी माती हातानंच लोटली, वरून दाबली. उतरताना ती माझ्या पुढं होती आणि एकदाही मागं वळली नाही. मी मात्र तीन-चार वेळा वळले.

त्यानंतर तिनं तोडणं सोडलं. सड्यावर जाणंही सोडलं. म्हैस विकली. कोल्हापूरला माझ्याकडं राहायला ये म्हटलं, तर नको म्हणाली.

यंदा सडा पुन्हा जळला. या वेळी त्यात कुणी दगावलं नाही. मी गावी गेले तेव्हा आधी सड्यावर जाऊन आले. का गेले, ते मलाही नीट सांगता येत नाही. आत्या दारातच उभी होती.

"फुटलंय?" तिनं विचारलं.

"फुटलंय."

"केवढं?"

मी हात गुडघ्याशी नेऊन दाखवलं. तिनं मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.