दौलतभाऊंची अकरा बटणं

शिंप्याच्या टेबलाखाली चिंध्या कधी साठतात ते कोणी बघत नाही. एक दिवस झाडू घातला की पोतंभर निघतात! आमच्या पुलगावच्या फुटबॉलचे किस्से असेच साठले, आणि तेही शिंप्याच्याच टेबलापाशी. मी तेव्हा पोस्टात सॉर्टर होतो. संध्याकाळी सुटलो की पाय आपोआप दौलतभाऊंच्या दुकानाकडे वळायचे. बायको म्हणायची, "रोज शिंप्याकडे जाता, तं एखादा सदरा तरी शिवून आणा!" तिचं खरं होतं. चार वर्षांत मी तिथे साधा रुमाल शिवला नाही.

दौलतभाऊ तरुणपणी गावच्या टीमचे सेंटर हाफ. एका मॅचमध्ये गुडघा गेला तो गेलाच. पाय कायमचा आखडला. त्या दिवसापासून ते मैदानावर खेळायचे थांबले आणि टेबलावर खेळायला लागले. कापड बेतायचं ते लांबलचक टेबल म्हणजे मैदान, आणि अकरा बटणं म्हणजे टीम. दोन बॅक ओव्हरकोटाच्या जाड बटणांचे. तीन हाफ कोटाच्या काळ्या बटणांचे. पाच फॉरवर्ड शर्टाची पांढरी शिंपल्याची बटणं, कारण ती घसरतात छान! गोलकीपर मात्र लाकडाचं एकुलतं एक बटण.

आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे खोडे मास्तर रोज एकच हरकत घ्यायचे.

"दौलतभाऊ, समोरची टीम कुठाय? हवेशी खेळून राह्यले का?"

दौलतभाऊ सुईत दोरा ओवता ओवता म्हणायचे, "त्यायची बटनं त्यायनं आणावी. मी काऊन पुरवू?"

*

भांडण कशावरून, ते आधी सांगतो. दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड, ही आमची मांडणी बापजाद्यांपासूनची. राज्य बदललं, मध्यप्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणे जाऊन नवे पैसे आले, पण पुलगावची टीम दोन-तीन-पाच ती दोन-तीन-पाचच! आणि दरवर्षी कपाच्या मॅचमध्ये डेपोची लष्करी टीम आम्हाला हरवायची. ते बूट घालून खेळायचे, आम्ही अनवाणी. हरलो की आम्ही बुटांना शिव्या घालायचो आणि घरी जायचो.

दौलतभाऊंनी मात्र एकदा डेपोने मारलेले सगळे गोल टेबलावर खडूने काढून दाखवले. सगळ्या रेघा दोन बॅकच्या बरोबर मधून गेलेल्या!

"पाहा," ते म्हणाले, "कोटाची पाठ मधातच उसवते. इथं तिसरा बॅक पाह्यजे. सेंटर हाफले मांगं आणा."

खोडे मास्तरांनी टोपी काढून टेबलावर आपटली. "सेंटर हाफ मांगं? मग पुढं कोण, तुमची इस्त्री?"

त्या दिवशी टोपीखाली आमचे तीन फॉरवर्ड सापडले होते. उचलताना मास्तरांनी दोघांची जागा बदलून टाकली आणि कोणाला कळलंच नाही. पुढे आठवडाभर आम्ही त्या चुकीच्या मांडणीवर तावातावाने भांडत होतो!

*

एका लग्नाचा किस्सा आहे. नवरदेवाचा काळा कोट संध्याकाळी द्यायचा होता आणि बरोबर एक बटण कमी पडलं. तसलं काळं बटण टेबलावर होतं, पण ते सेंटर हाफच्या जागी! दौलतभाऊंनी हात पुढे केला तर खोडे मास्तरांनी वरून पंजाच ठेवला.

"हलवू नका! येत्या रविवारी मॅच आहे. आपला निकाल लागाचा आहे अजून!"

शेवटी नवरदेव बोहल्यावर उभा राहिला तो तीन काळी आणि एक तपकिरी बटण लावून. मुलीच्या मामांच्या नजरेतून काय सुटतं? जेवणाच्या पंगतीत त्यांनी दौलतभाऊंना गाठलं.

"शिंपीबुवा, हे एक बटन वेगळं काऊन?"

"तो राखीव खेळाडू आहे," दौलतभाऊ बुंदी वाढून घेत म्हणाले. "आपला खेळाडू सोमवारी घरी येऊन लावून देतो!"

आणि सोमवारी सेंटर हाफच्या जागी दुसरं काळं बटण ठेवून खरंच गेले. नव्या सुनेने चहा केला, तो पिऊन आले.

*

दौलतभाऊंचं म्हणणं टीमच्या कॅप्टनला, किसनला, पटता पटत नव्हतं. किसन गिरणीत फिटर, अंगाने दणकट, आणि सेंटर हाफची जागा म्हणजे त्याचा मान. "मले मांगं ढकलून राह्यले," एवढंच तो घरी जाऊन बोलला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको कमलाबाई दुकानात हजर!

"भाऊजी, माह्या मालकानं काय घोडं मारलं? पुढचा माणूस मांगं काऊन टाकला?"

आम्ही सगळे खडू, कात्री, जे समोर दिसेल ते बघायला लागलो. दौलतभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, घरात ज्वारीची कोठी कुठं ठेवता? समोरच्या खोलीत का मांगच्या?"

"मांगच्या. समोर कोण ठेवते?"

"अन् तिची राखण कोणाले सांगता? लेचापेच्याले?"

कमलाबाई पदर खोचून गेल्या. संध्याकाळी किसन स्वतः आला, कोणाकडे न बघता टेबलाजवळ गेला आणि सेंटर हाफचं काळं बटण आपल्याच बोटाने सरकवत दोन जाड बटणांच्या मधोमध नेऊन ठेवलं.

"घरी सांगतलं तिनं," तो म्हणाला. "आता कोठी सोडून हलजो नको, म्हणते!"

*

आमच्यात एक रहीमचाचा होते. सायकलच्या दुकानवाले. टीमच्या बॉलात हवा भरायचं काम त्यांचं, त्यामुळे हार-जीत दोन्हीची जबाबदारी ते हवेवर टाकायचे. "आज हवा जादा हो गई," नाहीतर "आज हवा कम थी." दुसरं मत नाही!

एकदा मास्तर आणि दौलतभाऊ दिवेलागणीपर्यंत भांडले. कोण पुढे, कोण मागे, बॉल कोणाकडे द्यायचा. शेवटी मास्तर म्हणाले, "चाचा, तुम्हीच सांगा आता."

चाचांनी पान थुंकून विचारलं, "गेंद कितनी है?"

"एक."

"तो जिसके पास है वो देख लेगा. बाकी दस जन क्या करेंगे, झगडना है तो उसपे झगडो!"

मी चार वर्षं त्या दुकानात बसलो, पण फुटबॉलबद्दल यापेक्षा शहाणं वाक्य मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. चाचा मात्र लगेच म्हणाले, "वैसे हवा का भी होता है."

*

आता मशीनचा किस्सा. किसनने मान्य केल्यापासून दर मंगळवारी सगळी टीम टेबलाभोवती गोळा व्हायची. दौलतभाऊंचा नियम कडक. "जे टेबलावर, तेच मैदानावर. एक बोट इकडचं तिकडं नाई पाह्यजे!" पोरं गुणी. सांगितलं तसं करायची.

आमचा राइट आउट बळीराम म्हणजे वाऱ्यासारखा पळणारा गडी. पण त्या मोसमात त्याला काय झालं कोण जाणे! उजव्या कडेने सुसाट सुटायचा आणि कोपरा पंधरा पावलांवर आला की गर्रकन आत वळायचा. समोर मोकळं रान असलं तरी वळायचा! अख्खा मोसम हेच. चाचा म्हणाले, हवा. मास्तर म्हणाले, नजर लागली.

शेवटी मीच विचारलं, "बळीराम, तू कोपऱ्यात काऊन नाई जात बे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा.

"तिथं कसा जाईन? तिथं मशीन आहे ना!"

आम्ही टेबलाकडे बघितलं. उजव्या हाताच्या टोकाच्या कोपऱ्यात, उजेड येतो म्हणून, दौलतभाऊंचं हाताने फिरवायचं शिलाई मशीन ठेवलेलं. बारा वर्षं तिथेच! पांढरं बटण कडेकडेने जायचं, मशीनला अडायचं आणि दौलतभाऊ त्याला आत वळवायचे. बळीराम इमानदारीने तेच करत होता!

आम्ही पोट धरधरून हसलो. मास्तर तर मशीन उचलायलाच उठले. दौलतभाऊंनी त्यांचा हात धरला. ते हसत नव्हते.

"राहू द्या. डेपोवाले पाहून राह्यले आपल्या मॅचा. त्यायचा लेफ्ट बॅक त्या कोपऱ्याकडं आता ढुंकूनही पाहत नाई. बळीराम, तू असाच वळत राह्यजो. मी मशीन उचलली म्हणीन, तवाच जायचं."

*

त्या वर्षी गोष्ट सोपी नव्हती. तिसरा बॅक आल्यापासून आमचे गोल कमी झाले होते आणि गावात बोभाटा झाला होता, की शिंप्याने टीम उसवली. क्लबाच्या बैठकीत अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले, "यंदा हरलो तं दौलतरावांनी फुटबॉलवर तोंड उघडायचं नाई."

मला वाटलं दौलतभाऊ चिडतील. ते उठले, दुखऱ्या पायावर भार देऊन उभे राहिले.

"मंजूर. हरलो तं बटनं शर्टालेच लावीन."

मला फार वाईट वाटलं. त्या माणसाचं गुडघ्यासोबत मैदान गेलं होतं, आता टेबलही जाणार होतं. मॅचच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो तर त्यांनी अकरा बटणं डबीत भरून ठेवली होती. डबीचं झाकण उघडंच होतं.

*

मॅच गिरणीमागच्या मैदानावर. डेपोचे ट्रक भरून जवान आलेले, आणि आमचं तर सगळं गाव! कमलाबाईसुद्धा बायांना घेऊन बांधावर बसलेल्या. डेपोचा लेफ्ट बॅक आणि कॅप्टन एकच, एक उंचापुरा सुभेदार. त्याच्या बुटांचा आवाज काठापर्यंत यायचा.

पहिला गोल त्यांनी केला. दहा मिनिटांत आम्ही फेडला. आणि त्यानंतर काय सांगू! डेपोवाले मधून येत, आणि मधे किसन उभा. परत येत, परत किसन. मास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, "नाई उसवत हो, नाई उसवत." एवढी वर्षं भांडलेला माणूस, डोळे पुसत होता!

बळीराम प्रत्येक वेळी शहाण्यासारखा आत वळत होता आणि सुभेदार आधीच आत जाऊन त्याची वाट बघत होता. मॅच गिरणीच्या भोंग्यावर संपायची, तो व्हायला पाचेक मिनिटं उरली. बॉल उजव्या कडेला बळीरामकडे आला. दौलतभाऊ स्टुलावरून उठले. खुरडत थेट रेषेपर्यंत गेले आणि असे ओरडले की बांधावरचे बगळे उडाले.

"बळीराम! मशीन उचलली!"

आम्ही पन्नास जणांनी उचलून धरलं, "मशीन उचलली! मशीन उचलली!" डेपोचे जवान मान वळवून मशीन शोधायला लागले. बळीराम क्षणभर कोपऱ्याकडे बघत राहिला. बारा वर्षांचं मशीन ते, एकदम कसा विश्वास ठेवणार? आणि मग सुटला! सुभेदार आत, बळीराम कोपऱ्यात, आणि सगळ्या मैदानाची नजर बॉलावर.

आणि दौलतभाऊंची नजर किसनवर. कारण किसन आपली जागा सोडून पुढे चालला होता! त्याच्यासोबत कोणी नाही, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही.

"किसन, मांगं!" दौलतभाऊंनी डोक्याला हात लावला. "मांगं हो! अरे, मांगं!"

बळीरामने बॉल उचलून टाकला. किसनने डोकं लावलं.

गोल!

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की दौलतभाऊ "मांगं, मांगं" ओरडत असतानाच लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. रहीमचाचा सगळ्यांना गळ्यात पडून सांगत होते, "बोला था ना, बाकी दस जन!" आणि बांधावरून कमलाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"कोठी उघडी टाकून गेलता ना! घरी या, सांगतो तुमाले!"

*

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे दुकानात होतो. मशीन आता दाराशी एका पेटीवर गेलं होतं आणि टेबलाच्या कोपऱ्यात त्याच्या तेलाचा काळा चौकोन तेवढा राहिला होता. अकरा बटणं मांडलेली. इतक्यात दारात बुटांचा आवाज झाला. सुभेदार! हातात वर्दीचा कोट. बाही आखूड करायची होती म्हणे.

दौलतभाऊ टेप घेऊन उठले. पण सुभेदार टेबलाकडे बघत होता. बटणं बघितली. कडेने बोट फिरवत फिरवत तेलाच्या डागापर्यंत आला आणि तिथे थांबला. मग दाराशी ठेवलेलं मशीन बघितलं. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

सुभेदाराने टेबलावरची कात्री उचलली, आपल्या कोटाचं वरचं पितळी बटण कचकन कापलं आणि त्या काळ्या डागावर ठेवलं.

"ये हमारा लेफ्ट बॅक," तो दौलतभाऊंना म्हणाला. "अब यहाँ से निकलके दिखाओ, मास्टरजी."

दौलतभाऊंनी टेप गळ्यात अडकवली, आखडलेला पाय लांब केला आणि दुसऱ्या पायाने त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.