नंदाबाईच्या बाटल्या

माणसानं स्वच्छ असावं, पण नंदाबाईइतकं नसावं. आमगावच्या ज्या दवाखान्यात मी, खेमराज, तपासणीचं काम करायचो, तिथं ती लघवीच्या बाटल्या धुवायची. २००३ साली एका रोग्याच्या बाटलीतून मुंगी निघाली. डॉक्टरांनी तिला भरल्या व्हरांड्यात झापलं, "जमत नसेल तर शेण काढायला जा." ते तिनं मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून बाटल्या अशा लख्ख, की त्यात लघवी घ्यायला जीव होऊ नये.

भाताची रोवणी आटोपली आणि तिचा नवरा बकाराम अंगात ताकद नाही म्हणू लागला. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. नवऱ्यासाठी तिनं सगळ्यात स्वच्छ बाटली निवडली. साखरेची पट्टी आमच्याकडे क्वचितच लागायची; ती मी बुडवली. पट्टीच्या टोकाला बुरशीपासून काढलेलं एक द्रव्य वाळवून लावलेलं असतं; शिळ्या पोळीवर काळी बुरशी येते, तसलीच ती. त्याला साखर तेवढी कळते. ती सापडली की निळं टोक हिरवं होतं, फार असली तर तपकिरी. बकारामचं तपकिरी झालं. रक्त तपासायला गोंदियाला जावं लागे, ते राहिलं. डॉक्टर म्हणाले, पट्टी खोटं बोलत नाही. गोळ्या सुरू, भात बंद.

आमच्याकडे भात बंद म्हणजे जेवणच बंद. शेजारच्या बारशाला बकाराम हळूच पंगतीत जाऊन बसला, तर नंदाबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि वाढलेली पत्रावळ कुत्र्यापुढे उलटी केली. "भात म्हणजे जहर हाये तुमच्यासाठी." लोक हसले. मीही हसलो. दर महिन्याला ती बाटली आणायची, टोक तपकिरी व्हायचं, डॉक्टर एक गोळी वाढवायचे. तो जसजसा वाळत गेला, तसतशी ती त्याच्या घासावर जास्तच डोळा ठेवू लागली.

कापणीच्या दिवसांत तो बांधावर पडला. घामानं निथळत होता, हातपाय थरथरत होते. "घासभर भात दे वं," एवढंच म्हणाला. साखर चढली असं समजून तिनं पेजसुद्धा दिली नाही. तासाभरात तो गेला.

पंधरा दिवसांनी पट्ट्यांचा नवा डबा आला. पट्टी बरोबर आहे का बघावं म्हणून मी धुतलेल्या बाटलीत साधं पाणी घेऊन ती बुडवली. तपकिरी. पाण्याला कुठली साखर? नंदाबाईला विचारलं, बाटल्या कशानं धुता?

"विहिरीत टाकतेत ना, ते ब्लिचिंग पावडर," ती मान वर करून म्हणाली. "मंग विसळत नाही मी. वास राह्यला पायजे ना. काऊन, मुंगी निघाली का?"

मी सांगून टाकलं. एकट्यानं ते पोटात ठेवण्याची माझ्यात हिंमत नव्हती. मी भित्रा माणूस. म्हटलं, ती पावडरच पट्टी रंगवते, साखर असो नसो. बकारामला साखरेचा आजार नव्हताच. नसलेल्या आजाराच्या गोळ्यांनी, त्यात उपाशीपोटी, अंगाला लागते ती साखरही उतरली. त्या दिवशी घासभर भात पोटात गेला असता तर तो कदाचित उठून बसला असता. हेही मी बोलून गेलो, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

ती रडली नाही. आतून डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली, तशी ती उठून नळाशी गेली.

"मंग आता कायनं धुवू, सर?"

"नुसत्या पाण्यानं," मी म्हणालो.