आढ्यावरची काठी

आडोयोने ओबुराला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्या बापाच्या छपरावरून खाली येत होता. शिडीने नव्हे. होणारा जावई म्हणून शाकारायला मदत करायला आला आणि मुलगी बघण्याच्या नादात वाशावरून निसटला. त्या वेळी त्याने ठोकलेली आरोळी ऐकून सरोवरातले पाणघोडे म्हणे पलीकडच्या युगांडात गेले ते परतलेच नाहीत, तीन गावांतल्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं, आणि एका ठार बहिऱ्या म्हाताऱ्याने "कोण गेलं?" म्हणून विचारलं. ओबुरा गवताच्या भाऱ्यावर पडला, उठला, अंग झटकून म्हणाला, "मी मुद्दामच उतरलो."

हा माणूस बोलण्यात कधी हरायचा नाही, हे आडोयोने तिथेच ओळखलं.

आता, लग्नाला कैक वर्षं झाल्यावर, त्यांच्या स्वतःच्या छपराचं गवत कुजलं होतं. मागच्या पावसात एका भिंतीची माती ओघळली. पुन्हा तसाच पाऊस झाला तर भिंत बसणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. किसुमू शहरात राहणाऱ्या लेकीने, आवीतीने, छपरासाठी टिनाचे पत्रे पाठवले. ते आंब्याला टेकून उभे राहिले आणि त्यांच्यावर कोंबड्या झोपू लागल्या.

"पत्र्याखाली माणसं राहतात की मका भाजतात?" ओबुरा म्हणे. "आणि पाऊस लागला की तुझं बोलणं ऐकू यायचं नाही, आलेगोची लेक." बायकोला तो तिच्या माहेरच्या मुलखाच्या नावानेच हाक मारी.

"मग तर आजच बसवा की, आवीतीचे बाबा!"

खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्याकडे गवती छपराच्या टोकावर एक अणकुचीदार काठी खोचलेली असते, ओसुरी. ती आहे तोवर घरधनी जिवंत. तो गेला की भाऊबंद ती काढतात. पत्र्यात काठी खोचणार कुठे?

ढग जमायला लागले तेव्हा ओबुरा कसाबसा कबूल झाला. ओपोंडो सुतार आला आणि दुपारपर्यंत गवत खाली, घर उघडं. शेवटी काठी उतरली. ओबुराने ती झडप घालून घेतली आणि मांडीवर घेऊन बसला.

तेवढ्यात टेकडीवरून रडण्याचा आवाज आला. तिकडून सगळ्या गावाची छपरं दिसतात. ओबुराची म्हातारी दामारीआत्या ऊर बडवत उतरत होती, मागे दहा-बारा बायका.

"अरे माझ्या राजा, मला न सांगता गेलास रे!"

"आत्या, मी इथे बसलोय."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग उघड्या वाशांकडे. "तू मध्ये बोलू नकोस. काठी कुठाय?"

आडोयोला हसू फुटलं, पण क्षणभरच. बायका ओबुराकडे बघत नव्हत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या, विधवेकडे बघतात तशा. आणि ओबुरा, बोलण्यात जन्मभर न हरलेला ओबुरा, काठीवरचं गवत चाचपत होता.

सरोवरावर वीज चमकली.

"काका, पत्रे ठोकू का?" वरून ओपोंडो ओरडला.

"आधी काठी."

"नव्या पत्र्याला भोक? मी नाही पाडणार! गळलं की लोक म्हणतील, ओपोंडोची छपरं गळतात."

"मग उतर खाली."

"काकू, तुम्ही तरी सांगा ह्यांना! पाऊस आला!"

पहिला टपोरा थेंब आडोयोच्या खाटेवर पडला. आत बिछाना, मक्याची पोती, भिजायला टपलेल्या भिंती. ओबुराने काठी छातीशी धरलेली. तिच्या टोकावर जुनं गवत अजून चिकटलं होतं.

आडोयोने त्याच्या हातातून काठी घेतली आणि शिडीवर चढून ओपोंडोच्या हातात दिली.

"भोक पाड."

"काकू, गळेल हो!"

"गळू दे. खाली पातेलं मी ठेवीन."

ओपोंडो शिव्या घालत कामाला लागला. आढ्यावरच्या पत्र्यात काठी उभी राहिली, तेव्हा दामारीआत्याने डोळे पुसले आणि ओबुराला म्हणाली, "बरं झालं आलास. जेवायला काय आहे?"

त्यानंतर छप्पर प्रत्येक पावसात गळलं, बरोबर ओबुराच्या उशाशी. "हे भोक मुद्दामच ठेवलंय," तो पाहुण्यांना सांगे.

चार वर्षांनी तो तापाने गेला. भाऊबंदांनी काठी काढली. ओपोंडोने भोकात डांबर भरलं. आता छप्पर गळत नाही.