पाच जणांचा खांदा

आमच्या दरीत प्रॉसर आडनावाची इतकी घरं आहेत की नुसतं 'प्रॉसर' म्हणून हाक मारली तर अर्धी गल्ली मागं वळते आणि उरलेली अर्धी उसनवारी आठवून घरात शिरते. म्हणून इथं प्रत्येकाला एक शेपूट असतं. पत्रं वाटणारा तो 'टपाल', तीन बायका पुरून उरलेला तो 'शिल्लक'. मी हेडन. मला सगळे 'बातमी' म्हणतात. यात कौतुक किती आणि शिवी किती, हे मी कधी विचारलं नाही.

इडवल प्रॉसरला सगळे 'सिंह' म्हणत. ते त्याला अजिबात आवडायचं नाही.

"सिंह, आज मटाराबरोबर काय खाणार?" असं क्लबात कुणी विचारलं की तो म्हणायचा, "विचारणाऱ्याला."

पण नाव पडायचं ते पडलंच. कारण आमच्या गावातून सिंहांच्या संघात गेलेला तो पहिला. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि आम्ही वेल्सवाले, हिवाळाभर एकमेकांची हाडं मोडतो आणि दर चार वर्षांनी एकाच लाल जर्सीत शिरून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला रग्बी खेळायला जातो. शेजाऱ्याशी कोर्टात भांडावं आणि लग्नाला जाताना त्याच्याच गाडीत बसावं, तसला प्रकार. तरी त्या जर्सीसाठी माणसं जीव टाकतात. इडवल पत्र्याच्या कारखान्यात भट्टीवर होता. चोवीस वर्षांचा. निवड झाली तेव्हा कारखान्यानं बिनपगारी रजा दिली, चॅपेलमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली, आणि त्याचा बाप, जो आयुष्यात कुणाला शाबास म्हणाला नाही, स्टेशनवर टोपी काढून उभा राहिला. ते दौरे तेव्हा चार-पाच महिन्यांचे असत. न्यूझीलंडचं एकेक खेडं पालथं घालत फिरायचे.

इडवल गेला आणि दोनेक महिन्यांत त्याचा बाप वारला. जिन्यावरच बसला तो बसला.

आता इडवलच्या आईविषयी सांगायला हवं. काइनवेन प्रॉसर ही एवढीशी बाई, पण गल्लीतली मेंढरंसुद्धा तिच्या दारातला कचऱ्याचा डबा पाडत नसत. तार करायला निघालेल्या क्लबच्या सेक्रेटरीला तिनं उंबऱ्यावरच अडवलं.

"कुठं निघालास?"

"इडवलला कळवायला नको का, मावशी?"

"बाप गेला तो काही परत येत नाही. पोरगा परत आला तर जर्सी जाईल. एका आठवड्यात दोन्ही कशाला घालवू?"

सेक्रेटरीनं तार केली, पण संघाच्या मॅनेजरला. कळवलं, आणि खाली लिहिलं की पोराला सांगू नका.

आणि मग जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. या दरीत कुणी नवी चड्डी वाळत घातली तर रंगावरून वाद होतो. पण इडवलपासून ती गोष्ट लपली. त्याला पत्रं लिहिणाऱ्या प्रत्येकानं लपवली. 'घरी सगळे ठीक' असं चॅपेलच्या पाद्र्यानंही लिहिलं, आणि त्याबद्दल देवानं त्याला काय ऐकवलं ते देवच जाणे.

अंत्ययात्रेला आमच्याकडे सहा जण खांदा देतात. पुढची डावी जागा थोरल्या मुलाची. काइनवेन म्हणाली, "ती जागा रिकामी राहील." कुणीतरी म्हणालं की पेटी कलंडेल. ती म्हणाली, "कलंडू दे. त्याला सवय होती." म्हणून आम्ही पाच जणांनी नेली. रिकाम्या जागेच्या मागं मी होतो. दफनभूमी टेकडीवर, चढण छातीवर येणारी, आणि दोघांचं ओझं माझ्या एकट्याच्या खांद्यावर. खाली उतरल्यावर मातीनंतरच्या जेवणात मला हॅमचा घाससुद्धा उचलवेना.

इडवल परतला तेव्हा स्टेशनवर बँड होता. त्याच्या काखेत मेंढीचं कातडं गुंडाळलेलं, बापाच्या पाठीसाठी आणलेलं. तो गर्दीत बापाची टोपी शोधत होता. मग आईला म्हणाला, "डॅड कुठंयत?" बँडवाल्यांना थांबा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ते वाजवत राहिले.

त्यानंतर इडवलनं भट्टीवरचं काम पुन्हा धरलं, गावासाठी खेळला, लग्न केलं, मुलगी झाली. मेरेरिड तिचं नाव. जर्सी क्लबाच्या भिंतीवर काचेत गेली. तो त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा.

पुष्कळ वर्षांनी त्याच्या दारात एक परकी गाडी थांबली. परकी गाडी कुणाच्याही दारात थांबली की मला साखर उसनी लागते, म्हणून मी वाटी घेऊन पोचलो. आत एक अगडबंब आयरिश माणूस बसला होता. फिंटन डीझी, लिमरिकचा बेकरीवाला, दौऱ्यात इडवलच्या खोलीतला जोडीदार. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, इडवल मधला गडी. त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर, म्हणजे तो जवळजवळ त्यांच्या अंगावर लोंबकळत असायचा. त्यातला एक शेजारी हा फिंटन. स्वतः भाजलेला पाव फडक्यात बांधून आणला होता.

"तुला एक सांगायचंय," फिंटन म्हणाला. माझ्याकडे बघून थांबला.

"बोल," इडवल म्हणाला. "हा बाहेर गेला तर खिडकीशी उभा राहील. त्यापेक्षा बसू दे."

"ती बुधवारची मॅच आठवते? त्या मेंढपाळांच्या गावातली? सुरुवातीला आपण मिनिटभर माना खाली घालून उभे होतो."

"आठवते की. गावचा कुणी नगराध्यक्ष गेला होता. मी तुझ्या कानात म्हणालो होतो, भलताच जाडजूड असणार, किती वेळ उभं करतायत."

फिंटन पावाकडे बघत राहिला. "नगराध्यक्ष नव्हता, इडवल."

मी वाटी खाली ठेवली.

"सगळ्यांना माहीत होतं?" इडवलनं विचारलं.

"सगळ्यांना. मॅनेजर म्हणाला, तुझ्या आईची इच्छा आहे. आम्ही म्हटलं, निदान एवढं तरी करू."

इडवलनं सुरी घेतली, पाव कापला, एक तुकडा खाल्ला. "पाव चांगला झालाय," म्हणाला. फिंटनला दारापर्यंत सोडलं, हात मिळवला. नंतर दर नाताळला लिमरिकहून पाव यायचा आणि इडवल तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचा. पण जुन्या खेळाडूंच्या एकाही मेळाव्याला तो कधी गेला नाही.

मेरेरिडचा मुलगा स्टेफन. आजोबांसारखाच मधला गडी, फक्त आता हे पोटाचं काम झालंय. इंग्लंडातल्या एका क्लबात पगारावर खेळतो. गेल्या खेपेला सिंहांचा संघ टीव्हीवर जाहीर झाला, त्यात त्याचं नाव आलं. क्लबात बिअर सांडली, म्हातारे रडले, आणि खुर्चीतून इडवल म्हणाला, "हे दौरे बंद केले पाहिजेत."

वॉटकिन आमचा हल्लीचा सेक्रेटरी. घंटा बडवल्यासारखं बोलतो. "इडवल, नातवाचं नाव लागलंय. आज तरी."

"म्हणूनच आज. त्याच्या मालकाला विचार. तो म्हणतो, पगार मी द्यायचा आणि गुडघा सिंहांच्या जर्सीत मोडायचा. तो काय चुकीचं बोलतो? पोरं वर्षभर खेळून पिचलेली असतात."

"चार देश एका जर्सीत येतात. पैशानं न घेतलेलं तेवढं एकच उरलंय आपल्याकडे."

"तिकिटाचा दर बघितलायस का? आम्हाला संघ व्हायला पाच महिने होते. खेड्यात राहायचो, शेतकऱ्याच्या घरी जेवायचो, एकमेकांचे मोजे धुवायचो. आता महिनाभरासाठी येतात, हॉटेलात उतरतात, ओळख होते तेव्हा विमानात असतात."

"मग वाढवा की दिवस. बंद कशाला?"

इडवलनं पाठीमागच्या काचेकडे नुसता अंगठा केला. "त्या जर्सीपायी माणसं खोटं बोलतात," म्हणाला. "चांगली माणसं. पगार घेणारा माणूस निदान कशासाठी खेळतो ते सांगू शकतो."

स्टेफन निरोप घ्यायला आला तेव्हा इडवलची छाती पार गेली होती. भट्टीचा धूर साठ वर्षांनी व्याज मागत होता. त्यानं नातवाला जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. मेरेरिडला मात्र आम्हा सगळ्यांदेखत सांगितलं, "मला काही झालं तर ह्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे. मॅचच्या सकाळी झालं तर सकाळी. आणि माझ्यासाठी पेटी अडवून ठेवायची नाही. डॅडसाठी कुणी थांबलं नव्हतं."

"ताद-की, असं बोलू नका," स्टेफन म्हणाला. आमच्याकडे आजोबांना तसं म्हणतात.

"मी बोललो नाही तर हे लोक लपवतील. ह्यांचा हात बसलाय."

त्या आठवड्यात आम्ही दोघं मैदानाच्या कडेच्या बाकावर बसलो होतो. तो दम घेत घेत बोलत होता.

"आईवरचा राग तिच्याबरोबर गेला, बातमी. ते नाही टोचत."

"मग काय टोचतं?"

"गावाला वाटतं, कळलं असतं तर मी आलो असतो. म्हणून तर लपवलं. मलाही तसंच वाटायचं. पण चोवीस वर्षांचा होतो रे. ती जर्सी अंगावर होती. आलो असतो की नसतो, ते मला माहीत नाही. आणि आता कधी कळणारही नाही."

मी म्हणालो, "आला असतास."

"तुला काय माहीत," तो म्हणाला.

ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या मोठ्या मॅचच्या आधी, मंगळवारी, इडवल गेला. खिडकीपाशी, चहा पुढ्यात. दुपारी क्लबात कमिटी जमली. वॉटकिन नेहमीपेक्षा हळू बोलत होता, म्हणजे जरा गंभीरच होतं.

"शनिवारपर्यंत कुणी फोनवर काही टाकायचं नाही. पोरगा राखीव खेळाडूंत आहे. एकदा मॅच होऊ दे."

इडवलचे शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. तरी माना हलल्या. माझीही हलली. इतक्या वर्षांत आम्ही काही शिकलो असं म्हणायला जागा नाही.

तेवढ्यात मेरेरिड आत आली. डोळे सुजलेले, हातात गाडीची किल्ली.

"काय ठरवताय?" तिनं विचारलं. "मी स्टेफनला फोन केला. सकाळीच."

"कधी निघतोय?" वॉटकिन म्हणाला.

"नाही येत."

वॉटकिननं हातातला ग्लास खाली ठेवला.

"रडला," ती म्हणाली. "खूप रडला. मग म्हणाला, आई, मी निघालो तर रात्रीपर्यंत दुसरा माझ्या जर्सीत असेल. उन्हाळ्यात माझा करार संपतोय. पण ते एक कारण झालं. खरं सांगू, मला खेळायचंय. ताद-कींना खोटं चाललं नसतं, म्हणून सांगतोय."

वॉटकिननं हात पसरले. "बघ. म्हणून सांगायचं नसतं. आता हे त्याच्या उरावर जन्मभर बसणार."

"बसू दे," मेरेरिड म्हणाली. "बाबांनी 'बोलाव' म्हटलं नव्हतं, वॉटकिन काका. 'सांग' म्हटलं होतं."

शनिवारी सकाळी आम्ही क्लबात मॅच बघितली. तिकडे तेव्हा संध्याकाळ. शेवटच्या वीसेक मिनिटांत स्टेफन उतरला, दंडावर काळी पट्टी. टीव्हीवाल्यानं इडवलचं नाव घेतलं आणि चुकीचं घेतलं. शांतता पाळली नाही. स्टेफननंच नको म्हटलं होतं, असं मागून कळलं. सिंह हरले. तो चांगला खेळला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणाला ठरवता येईना, तेव्हा सगळे एकदम बिअर आणायला उठले.

बुधवारी माती; आमच्याकडे तिला आठवडा लागतोच. वॉटकिननं आपला मुलगा पुढं केला. "डाव्या बाजूला हा उभा राहील."

"ती जागा स्टेफनची आहे," मेरेरिड म्हणाली.

"त्याला कळूनही तो आला नाही, मुली."

"जागा त्याचीच आहे."

वॉटकिनचा मुलगा मग मागं सरकला, रिकाम्या जागेच्या पाठीशी. मी त्याच्याजवळून चाललो होतो. आता माझ्या खांद्यावर मफलरसुद्धा जड होतो. "चढ लागला की श्वास धर," मी त्याला म्हणालो, "आणि पेटी तुझ्याकडे कलंडेल. कलंडू दे." पाच जण निघाले. रस्त्याकडेच्या भिंतीपलीकडून मेंढ्या रवंथ करत बघत होत्या. अर्ध्या चढणीवर त्या पोराचा चेहरा काळानिळा झाला, पण कुणी रिकाम्या जागी हात लावला नाही.

दौरा संपल्यावर स्टेफन आला. बँड नव्हता. आधी टेकडीवर जाऊन आला, मग वॉटकिनच्या मुलाकडे गेला, आणि संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला. मी चहा केला. लिमरिकहून फिंटनच्या मुलीनं पाव पाठवला होता, तो मेरेरिडनं अर्धा मला दिलेला. तो कापला.

"हेडन काका, तुम्ही त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त बसायचात."

"बसायचो."

"त्यांना तेव्हा कळवलं असतं, तर ते आले असते?"

या गावात कोण कुणाबरोबर कुठं गेलं, हे मी साठ वर्षं सांगत आलोय. न विचारता सांगतो. पावाचा तुकडा त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो हातात धरला, खाल्ला नाही. बाहेर मेंढरांनी माझा कचऱ्याचा डबा पाडला. तो घरंगळत उतारानं खाली गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि आमच्यापैकी कुणी उठलं नाही.